सांड्याचं तेल आणि तेलामागचा सांडा

आठवडी बाजाराच्या कडेला किंवा एसटी स्टँडमागच्या बोळात तो माणूस तुम्हीही पाहिला असेल. जमिनीवर फडकं, फडक्यावर चार-पाच जाडजूड मातकट सरडे, शेजारी भरभर वाजणारा स्टोव्ह आणि त्यावर काळी पडलेली कढई. कढईत काहीतरी पिवळसर वितळतंय. भोवती फक्त पुरुषांचं कोंडाळं. लहानपणी मी मामाचं बोट धरून त्या कोंडाळ्यात डोकावलो होतो. सरडे जिवंत होते, डोळे मिटत-उघडत होते, पण जागचे हलत नव्हते. 'मामा, हे पळत का नाहीत?' मी विचारलं. मामाने उत्तर दिलं नाही, दंडाला धरून बाहेर ओढलं.

त्या प्राण्याचं नाव सांडा. त्याच्या चरबीचं तेल सांधेदुखीवर आणि पुरुषी ताकदीवर रामबाण म्हणून विकतात. अधूनमधून बातमी येते, अमुक ठिकाणी सांडे जप्त, तमुक ठिकाणी तेलाच्या बाटल्यांसह दोघांना अटक. आणि प्रत्येक बातमीनंतर ओळखीतला कुणीतरी हळूच विचारतो, 'पण त्यात काही तथ्य असतं का हो?' तर आज तेलाचं बघू. पण आधी सांड्याचं, कारण सांडा नीट कळला की तेलाबद्दल फारसं सांगायला लागत नाही.

सांडा म्हणजे घोरपड नव्हे

आपल्याकडे ही गल्लत सर्रास होते, कारण सांडा महाराष्ट्रात राहतच नाही. त्याचं घर राजस्थानचं थर वाळवंट, गुजरातेतला कच्छ आणि सीमेपलीकडचा पाकिस्तान. घोरपड मात्र आपल्या माळावर आणि शेताच्या बांधावर असते. घोरपड मांस खाते. उंदीर, अंडी, किडे, मेलेलं जनावर, काहीही चालतं. सांडा मुख्यतः झाडपाला खातो. नात्याने तो घोरपडीपेक्षा आपल्या कुंपणावरच्या मान हलवणाऱ्या सरड्याला जवळचा, दोघे एकाच कुळातले.

अंगलट बसकी. पूर्ण वाढलेला नर शेपटीसकट दीड फुटाच्या आसपास, मादी त्याहून लहान. डोकं बोथट, चेहरा जरा कासवासारखा. मांडीच्या पुढच्या बाजूला गडद डाग. आणि शेपटी! जाड, चपटी आणि काट्यांच्या कड्याच कड्या ओवल्यासारखी. कुणी अंगावर आलं तर तो तिचे सपकारे मारतो, आणि बिळात शिरला की तीच शेपटी दाराशी अडवी ठेवतो. पालीसारखी शेपटी टाकून पळून जाणं त्याला जमत नाही, आणि परवडणारंही नाही. का ते पुढे येईलच.

शास्त्रीय नाव सारा हार्डविकी. १८२७ मध्ये जॉन एडवर्ड ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने ते थॉमस हार्डविक या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्यावरून ठेवलं. बरीच वर्षं हा 'युरोमॅस्टिक्स' या प्रजातीत धरला जायचा, २००९ मध्ये वेगळा काढला गेला. नावाचं पुराण इथेच पुरे.

एक्कावन्न अंशांत जगायचं कसं?

१९ मे २०१६ रोजी राजस्थानातल्या फलोदीत ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. हे हवेचं, सावलीत मोजलेलं. उन्हातल्या वाळूवर पारा साठाच्याही वर जातो. याच प्रदेशातल्या चुरूत हिवाळ्यात तो शून्याखालीही उतरतो. जैसलमेरला वर्षभरात साधारण २०० मिलिमीटर पाऊस पडतो; मुंबईत जुलैमधल्या एखाद्या दिवशी तेवढा कोसळून जातो.

अशा जागी सांड्याचा सगळा संसार एका बिळावर उभा आहे. बीळ दोन मीटरपेक्षा लांब असू शकतं, वळणं घेत खाली जातं, आणि तोंड जमिनीच्या सपाटीला एवढं चिकटून असतं की पाय त्यात जाईपर्यंत कळत नाही. एका बिळात एकच सांडा.

खाली गेल्याने काय साधतं? जुन्या वाड्यात, दोन-दोन फूट जाड मातीच्या भिंतींच्या खोलीत, मे महिन्याच्या दुपारी शिरलात तर उत्तर अंगालाच कळेल. माती उष्णता फार सावकाश आत घेते. दुपारची आच भिंतीत अर्ध्यात पोचते न पोचते तोच रात्र होते आणि ती परत फिरते. वाळवंटातही तसंच. जमिनीच्या पृष्ठभागावर दिवस-रात्रीत तीस-चाळीस अंशांचा फरक पडत असेल, पण दीड-दोन हात खाली तो जवळजवळ पुसला जातो.

पण सांडा नुसता खाली जाऊन थांबत नाही. तो आतून माती ओढून दार बंद करतो. भर दुपारी बंद, रात्री बंद. मुळात श्वासाबरोबर अंगातलं पाणी जातं. आपल्या तोंडची वाफ थंडीच्या दिवसांत दिसते, तीच ती. दार बंद असलं की ती वाफ बिळातच राहते, हवा दमट होते आणि पुढच्या श्वासाला कमी पाणी लागतं. माठाच्या तोंडावर आपण झाकण ठेवतो, त्यातलाच प्रकार.

लघवीतही तो पाणी घालवत नाही. घरातल्या पालीची लेंडी पाहिली असेल, काळ्या लेंडीला पांढरं टोक असतं. ते पांढरं म्हणजेच पालीची लघवी, जवळजवळ कोरडी. सांड्याचं तेच. या गटातल्या सरड्यांच्या नाकात मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथीही असतात, त्यामुळे नाकपुड्यांवर खारा पांढरा थर धरलेला दिसतो. वाळवंटातला पाला खारट. त्यातलं मीठ पाण्यात विरघळवून बाहेर काढणं म्हणजे दिवाळखोरी.

थंड रक्ताचा, पण थंड नाही

शाळेत आपण शिकलो की सरपटणारे प्राणी 'थंड रक्ताचे'. शब्द फसवा आहे. चैत्रातल्या सकाळी अकरा वाजता सांड्याचं अंग हाताला आपल्याइतकंच गरम लागेल, कदाचित थोडं जास्तच. फरक तापमानात नाही, ते येतं कुठून यात आहे. आपण गीझर आहोत, आत इंधन जाळून चोवीस तास पाणी तापतं ठेवतो. सांडा छतावरचा सोलर आहे, ऊन आलं की तापतो. अशा प्राण्यांना बाह्यतापी म्हणतात.

चुरू जिल्ह्यातलं तालछापर अभयारण्य काळविटांसाठी प्रसिद्ध, पण सांडे बघायलाही लोक तिथे जातात. सकाळी ऊन जरा वर आलं की जमिनीतल्या एका भोकात बोथट नाक दिसतं. बराच वेळ फक्त नाक. मग डोकं, मग खांदे, मग पुन्हा थांबणं. बाहेर आलेला सांडा सुरुवातीला गडद, जवळजवळ काळपट असतो. काळा रंग ऊन पितो, म्हणून सोलरचे पत्रेही काळेच. तो अंग जमिनीला चपटं लावून उन्हाकडे पसरतो. अंग तापत जातं तसा रंग उजळतो, आणि थोड्या वेळाने वाळूवर वाळूच्याच रंगाचा प्राणी चरत असतो. हो, चरतच असतो, दुसरा शब्द नाही त्याला.

सोलरचा फायदा असा की गॅसचं बिल नाही. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला नुसतं पडून राहायला लागते त्याच्या पाचवा-दहावा हिस्सा ऊर्जेत सरड्याचं भागतं. जिथे आठ-आठ महिने हिरवं पान उगवत नाही, तिथे ही काटकसर म्हणजे जीव वाचणं.

गवत खाणारा सरडा

जगातल्या सरड्यांच्या शंभर जाती घेतल्या तर झाडपाल्यावर जगणाऱ्या जेमतेम दोन-तीन निघतील. कारण पाला पचवणं कठीण. गाय त्यासाठी चार कप्प्यांचं पोट आणि दिवसभराचं रवंथ बाळगते. सांडा आतड्याच्या शेवटच्या भागात जंतूंकडून पाला आंबवून घेतो. आंबवण्याला ऊब लागते हे डोशाचं पीठ थंडीत न फुगलेल्या कुठल्याही घराला माहीत आहे. म्हणून सांडा पोटभर चरून उन्हात येऊन बसतो. आपल्याला वाटतं आळसावलाय. त्याचं पीठ फुगतंय.

पिल्लं किडे जास्त खातात, वाढत्या अंगाला प्रथिनं हवीत. मोठेही पावसाळ्यात भुंगेरे, टोळ सोडत नाहीत.

शेपटीतला शिधा

आता मुद्द्याची गोष्ट. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे थरमध्ये खायला असतं. सांडा तेव्हा भरपूर खातो आणि जास्तीचं अन्न चरबीच्या रूपात साठवतो, पोटातल्या गाद्यांमध्ये आणि शेपटीत. थंडी पडली की बिळात शिरतो, दार लावतो आणि महिनोन्‌महिने बाहेर येत नाही. याला शीतनिद्रा म्हणतात. त्या काळात हृदय चालतं, श्वास चालतो, सगळं त्या शिध्यावर.

शिधा म्हणून चरबीच का? एक ग्रॅम पिठूळ पदार्थातून चार कॅलरी मिळतात, एक ग्रॅम चरबीतून नऊ. शिवाय चरबी अंगात जळताना पाणी तयार होतं, एका ग्रॅममागे एक ग्रॅमहून थोडं जास्तच. खरं वाटत नसेल तर थंडगार पाण्याचं पातेलं पेटत्या गॅसवर ठेवा आणि लगेच उचलून बूड बघा. ओलसर झालेलं असतं. ते पाणी ज्वाळेतून आलं.

आणि ती अंगभर न पसरता पोटात आणि शेपटीतच का साठते? कारण कातडीखाली सगळीकडे चरबी म्हणजे अंगात स्वेटर. उन्हावर तापणाऱ्याला स्वेटर आडवा येतो. उंटाने चरबी मदारीत ठेवली ती याच हिशेबाने. आता कळेल, सांड्याला शेपटी टाकून पळणं का परवडत नाही. डबा टाकून प्रवासाला कोण निघतं?

मग त्या तेलात आहे तरी काय?

हाच डबा. कढईत वितळतो तो सांड्याचा हिवाळ्याचा शिधा.

रसायनाच्या भाषेत कुठलीही चरबी म्हणजे ग्लिसरीनच्या एका कण्याला जोडलेले तीन मेदाम्ल-दोरे. शेंगदाण्याचं तेल, तूप, डुकराची चरबी, सांड्याची चरबी, सगळ्यांची ठेवण हीच. सांड्याच्या तेलातही ओलिक, पामिटिक अशी नेहमीचीच मेदाम्लं सापडतात, कमी-अधिक प्रमाणात. सांधे दुरुस्त करणारा, नसा जागवणारा वेगळा पदार्थ त्यात नाही, आणि असण्याचं कारणही नाही. सांड्याने ती साठवली ती जाळायला.

'पण ते पातळ असतं, मुरतं ना आत,' असं विकणारा सांगतो. पुण्याच्या थंडीत खोबरेल थिजतं, शेंगतेल थिजत नाही. म्हणून शेंगतेल औषधी झालं का?

'पण आमच्या आजोबांचे गुडघे तर उतरले'

उतरले असतील, मी खोटं म्हणत नाही. गरम तेलाने पाव तास चोळलं की रक्त खेळतं, स्नायू सैल पडतात, दुखणं कमी वाटतं. यात शेकाचं काम आहे, चोळणाऱ्या हाताचं आहे. गुडघेदुखीला चढउतारही असतात. माणूस तेल विकत घ्यायला जातो ते दुखणं शिगेला पोचल्यावर, आणि शिगेनंतर उतारच असतो. तीळतेलाने चोळलं असतं तरी एवढंच उतरलं असतं, आणि शंभर रुपयांत महिना गेला असता.

'आणि ते दुसरं?'

खरं गिऱ्हाईक त्यासाठीच येतं, म्हणूनच कोंडाळ्यात बाई नसते. स्पष्टच लिहितो. लिंगाची ताठरता रक्त किती आणि कसं भरतं यावर ठरते. त्वचेवर चोळलेली चरबी आतल्या रक्तवाहिन्यांचं काही बदलत नाही. ताठरतेची अडचण वरचेवर येत असेल तर तिच्यामागे मधुमेह, रक्तदाब किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असू शकतो. कधीकधी हृदयविकाराची ती सर्वांत आधीची खूण असते. लाजेपोटी माणूस डॉक्टरकडे जायचं टाळतो आणि बाटली घेतो, यात सांडा तर जातोच, पण आजार ओळखायची वेळही हातची जाते. बाटलीत नेमकं काय मिसळलंय ते कुणालाच ठाऊक नसतं, नाजूक त्वचेला पुरळ आलं तर तक्रार कुणाकडे करणार?

काही जण सांगतात, या प्राण्याला निसर्गानेच 'दोन' दिलेत, म्हणून ताकद. नराला दोन जननांगं असतात हे खरं आहे. ती साप आणि सरड्यांच्या सगळ्याच नरांना असतात, तुमच्या ट्यूबलाइटमागच्या पालीलासुद्धा. पालीचं तेल मागायला मात्र कुणी जात नाही!

बंद दार, हमखास घर

सांड्याला शत्रू काही कमी नाहीत. लग्गर ससाणा, गरुड, वाळवंटी खोकड, वाळवंटी घोरपड, आणि आता भटकी कुत्री. या सगळ्यांविरुद्ध मातीने लिंपलेलं दार उपयोगी पडतं. माणसाविरुद्ध तेच दार घात करतं. उघडं भोक रिकामं असू शकतं. लिंपलेलं भोक म्हणजे मालक घरात. पकडणारा तेवढंच बघतो, आणि खणतो किंवा दाराशी फास लावतो. बीळ ठरलेलं, त्यात राहणारा एकटा, आणि बाहेर ओढल्यावर त्याला फार वेगाने पळताही येत नाही.

मग तो पळू नये म्हणून त्याची पाठ मोडतात. कणा निखळला की मागचे पाय जातात, प्राणी मात्र कितीतरी दिवस जिवंत राहतो. गिऱ्हाइकाला जिवंत माल दाखवायचा असतो. मामाने न दिलेलं उत्तर ते हे होतं.

'एवढं मोठं वाळवंट, थोडे पकडले तर काय संपणार आहेत?' हा प्रश्न कोंबडीच्या हिशेबाने विचारला जातो. सांड्याची मादी वर्षातून एकदा अंडी घालते, दहा-पंधराच्या आसपास. त्यातल्या पिल्लांपैकी बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या तोंडी जातात, आणि उरलेल्यांना वयात यायला वर्षं लागतात. पकडणारा नेमके मोठे, चरबीदार सांडे वेचतो, म्हणजे अंडी घालणारेच. आणि वाळवंटातल्या मांसाहाऱ्यांसाठी सांडा म्हणजे भरलेलं ताट आहे. गवताचं मांस करणारा तो मधला दुवा निघाला की ससाण्यापासून खोकडापर्यंत सगळ्यांच्या ताटात कमी पडतं.

कायदा स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सांडा संरक्षित आहे. त्याला पकडणं, मारणं, बाळगणं, विकणं गुन्हा, आणि विकत घेणाराही त्यातून सुटत नाही. देशाबाहेरच्या व्यापारावर 'साइट्स' या वन्यजीवांच्या व्यापारासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कराराचं बंधन आहे. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या, धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत तो 'असुरक्षित' गटात मोडतो.

'वाळवंट हिरवं झालं तर बिघडलं कुठं?'

शिकारीइतकीच मोठी अडचण जागेची आहे. इंदिरा गांधी कालव्याचं काम १९५८ मध्ये सुरू झालं आणि थरच्या मोठ्या पट्ट्यात पाणी पोचलं. तिथल्या शेतकऱ्याला गहू-मोहरी मिळाली, त्याला नावं ठेवायचा अधिकार मराठवाड्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर नाहीच. पण सांड्याच्या बाजूने बघा. त्याला घट्ट, कोरडी, न नांगरलेली जमीन लागते, जिच्यात बीळ वर्षानुवर्षं टिकेल. नांगर फिरला की बीळ गेलं. पाणी दिलं की बीळ बुडालं. आता सौर प्रकल्प आणि खाणीही त्याच जमिनीकडे बघताहेत, कारण सरकारी नोंदीत ती 'पडीक' असते. तिच्यावर गवत असतं, सांडा असतो, माळढोक असतो, रायका या पशुपालक लोकांच्या उंट-मेंढ्या असतात. नोंदीत यातलं काही येत नाही.

कुठे दिसलाच तर

बाजारात सांडे विकताना कुणी दिसलं तर भांडू नका, विकणारा बहुधा या साखळीतला सर्वांत गरीब माणूस असतो. वनखात्याला कळवा, महाराष्ट्रात 'हॅलो फॉरेस्ट'चा क्रमांक १९२६ आहे. आणि दया येऊन सांडे विकत घेऊन गावाबाहेरच्या माळावर सोडायचा विचार असेल तर तोही नको. विकत घेतलेल्या प्रत्येक सांड्यामागे दुसरा पकडला जातो. आणि आपल्या माळावर मृगाचा पाऊस सुरू झाला की चार महिने जमीन चिंब राहते, बिळात पाणी भरतं. धडधाकट सांडाही त्यात टिकायचा नाही, आणि फडक्यावरच्या त्या सांड्यांना तर बीळ खणायला मागचे पायच उरलेले नसतात.